तिळारीच्या खालच्या अंगाला

तिळारीचे धरण सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. नदी मात्र आमचीही. मणेरीच्या पुढे ती गोव्यात शिरते, इब्रामपूर, साळ, हसापूर, चांदेल अशी गावे दोन्ही काठांना घेत कोलवाळला येते आणि शिवोली-चोपड्याच्या पुलाखालून शापोऱ्याच्या मुखाशी समुद्राला मिळते. 1990 साली महाराष्ट्र आणि गोव्यात करार झाला. खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचलला आणि त्याबदल्यात पेडणे, बार्देश, डिचोलीच्या शेतांना आणि नळांना पाणी आले. कुठे कालवा फुटला की बार्देशातल्या घरांत बादल्या भरून ठेवायची धांदल उडते, इतके आम्ही या पाण्यावर अवलंबून आहोत. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते धरणाच्या विरोधात नाही. धरण हवे आहे. ते ज्यांच्या डोक्यावर आहे त्या माणसांना त्याची पूर्ण ओळख करून दिली जावी, एवढेच म्हणणे आहे.

मी पेडणे तालुक्यातल्या शाळेत भूगोल शिकवते. 2019 च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीत तिळारीतून पाणी सोडावे लागले. साळ, इब्रामपूर, चांदेल-हसापूर ते कोलवाळपर्यंत नदी घरांत शिरली, माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. शाळा पुन्हा भरली तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, दरवाजे उघडल्यावर एवढे झाले, मग धरणच फुटले तर?" वर्ग हसला नाही. नेहमी मागच्या बाकावर कुजबुज करणारी मुलेही माझ्याकडे बघत होती. "असे काही होत नाही" असे म्हणून पुढचा धडा काढता आला असता. पण या प्रश्नाला उत्तर आहे, अभियंते ते रीतसर गणिताने काढतात, आणि नववीच्या मुलांना ते समजू शकते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

तिळारीचे मुख्य धरण मातीचे आहे, सुमारे 73 मीटर उंच. एकूण साठा 462 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. मातीचे धरण फुटणे म्हणजे भिंत आडवी होणे नव्हे. एक तर पाणी माथ्यावरून वाहू लागते आणि मागचा उतार खरवडत नेते. नाही तर आतून, भरावातून किंवा पायातून, पाण्याला वाट सापडते आणि ते मातीचे बारीक कण घेऊन बाहेर पडू लागते. प्रत्येक मातीचे धरण थोडेफार पाझरतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाझर स्वच्छ आहे तोवर त्याचे मोजमाप ठेवायचे. तो गढूळ झाला, किंवा कारण नसताना वाढला, की धरणाची माती पाण्याबरोबर निघाली असे समजायचे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटले त्याआधी गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी केल्या होत्या. धरण लहान, साठा जेमतेम अडीच दलघमी. तरी खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे गेली.

लहान धरणाने एवढे कसे केले, याचे उत्तर मला एका सूत्रात सापडले. मातीची धरणे प्रत्यक्ष फुटली तेव्हाच्या नोंदी जमवून डेव्हिड फ्रोलिक यांनी 1995 मध्ये ते मांडले. साठा आणि खिंडारावरची पाण्याची उंची घातली की फुटीच्या क्षणीचा सर्वांत मोठा प्रवाह अंदाजाने मिळतो. या सूत्रात उंचीला वजन फार आहे आणि साठ्याला तुलनेने कमी. उंची तीच ठेवून साठा एक पंचमांश केला तर प्रवाह एक पंचमांश होत नाही, तो 62 टक्क्यांपर्यंतच उतरतो. लहान तलावाचा पूर लवकर संपतो आणि खाली जाता जाता लवकर विरतो, पण धरणाच्या पायथ्याच्या पहिल्या वाडीला तो काहीच लहान नसतो. गोव्यातल्या आमठाणे, पंचवाडी, चापोली या धरणांकडे पाहतानाही हे लक्षात ठेवावे लागेल.

तिळारीचे आकडे मी वर्गात फळ्यावर मांडले. साठा पूर्ण, पाण्याची उंची 70 मीटर. उत्तर आले सेकंदाला चाळीस हजार घनमीटरच्या थोडे वर. लगेच दुसरी ओळ लिहिली: हे सूत्र मोजक्या धरणांवरून बसवलेले आहे, तिळारीएवढी उंच आणि मोठी धरणे त्यात फारशी नाहीत, उत्तर दुप्पट किंवा निम्मेही निघू शकते. शिवाय हा प्रवाह धरणाच्या दाराशी आहे, आमच्या दाराशी नाही. दरीत जिथे जिथे नदी पसरते तिथे तिथे लाट बसकी होत जाते. खिंडार किती रुंद पडेल, ते पूर्ण उघडायला पाऊण तास लागेल की तीन तास, हे गृहीत धरूनच पुढचे गणित करता येते, आणि म्हणून जाणता अभियंता कधी एक उत्तर देत नाही. तो वेगवेगळ्या खिंडारांची, भरल्या आणि अर्ध्या जलाशयाची, पावसातल्या आणि कोरड्या दिवसातल्या फुटीची वेगवेगळी उत्तरे काढतो. तिळारीला आणखी एक बाब आहे. वर घाटमाथ्यावर, चंदगड तालुक्यात, जलविद्युत प्रकल्पाचे धामणे धरण आहे आणि त्याचे पाणी वीजघरातून खाली याच जलाशयात येते. वरचे धरण अडचणीत आले तर खालच्याचे काय, हा हिशेबही वेगळा मांडावा लागतो. पानशेत आणि खडकवासला यांचे हेच झाले. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेत फुटले आणि दुपारी खडकवासला. पुण्याच्या वाट्याला दोन्हींचे पाणी आले.

हे सगळे गणित संगणक करतो, पण त्याला जमिनीचा उंचसखलपणा पुरवावा लागतो. माझ्यासारख्या भूगोलवालीचा जीव इथे अडकतो. फुकट मिळणारे उपग्रहाचे नकाशे साधारण तीस मीटरच्या चौकटींचे असतात. एका चौकटीला एकच उंची. त्यातही रडारने घेतलेली उंची पुष्कळदा जमिनीची नसून झाडांच्या शेंड्यांकडची असते. गोव्याच्या नदीकाठी काय असते? कुळागर. माड, पोफळी, खाली केळी आणि मिरवेली. नदीला लागून असलेली, गावातली सर्वांत सखल जमीन त्या नकाशात चांगली उंच टेकाडासारखी दिसते. संगणकातले पाणी तिथे चढत नाही आणि नकाशावर ती जागा सुरक्षित रंगात उमटते. त्या कुळागरात घर असते, गोठा असतो, म्हातारी माणसे असतात. उलट कोलवाळच्या खाली खाजन शेतीचे, म्हणजे खारे पाणी अडवून केलेल्या सखल शेतीचे, बांद दोन-तीन मीटर रुंदीचे असतात. तीस मीटरच्या चौकटीत ते पुसलेच जातात, त्यांतली मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार, तर दूरच. त्यामुळे संगणकातले पाणी खाजनांत कुठल्याही अडथळ्याविना शिरते. प्रत्यक्षात बांद त्याला काही वेळ थोपवतील आणि मग एकदम फुटतील. लाटेची वेळ आणि जोर दोन्ही त्याने बदलतात. म्हणून आमच्या नदीचा नकाशा करायचा असेल तर विमानातून लेसरने मोजलेली जमिनीची खरी उंची हवी, नदीच्या पात्राचे छेद हवेत, आणि कुणीतरी बांदावरून चालत गेलेले हवे.

भरतीचाही विचार आहे. आमच्या नद्यांत समुद्र दिवसातून दोनदा बराच आत येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या वेळी वरून येणारे पाणी मुखाशी अडते आणि मागे फुगते. वरच्या गावांना, साळ-इब्रामपूरला, याने फरक पडणार नाही. कोलवाळ, कामुर्ली, शिवोली, चोपडे यांना पडेल.

जोखीम या शब्दात दोन गोष्टी एकमेकींना गुणलेल्या असतात: फुटण्याची शक्यता आणि फुटल्यास होणारी हानी. शक्यता फार लहान आहे. चांगली देखभाल, पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी यांनी ती लहान ठेवता येते. दुसरी गोष्ट मात्र आपल्या बाजूने वाढत चालली आहे. धरण आहे तेवढेच आहे, त्याच्या खाली माणसे वाढत आहेत. मोपाचा विमानतळ पठारावर आहे, त्याला नदीचे भय नाही. पण तो सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या प्रत्येक गुंठ्याला भाव आला आहे आणि नदीचा देखावा दिसणाऱ्या जमिनीला सर्वांत जास्त. ज्या शेतात कधी पावसाळ्यात कुणी झोपत नव्हते तिथे आता काचेच्या खिडक्यांची घरे आहेत. दहा वर्षांपूर्वीचा पूरनकाशा जरी अचूक असला तरी त्यातली घरांची मोजणी आज उपयोगाची नाही.

मोजणीचा आणखी एक पेच आहे आणि तो फक्त इथल्याच माणसाला कळेल. जलाशय सर्वांत भरलेला असतो ऑगस्टच्या अखेरीपासून. चतुर्थी त्याच सुमारास येते. जनगणनेत ज्या घरात दोन म्हातारी माणसे लिहिलेली आहेत तिथे चतुर्थीला मुंबईहून, पणजीहून, वास्कोहून आलेली वीस माणसे झोपलेली असतात. त्यांतल्या निम्म्यांना गावातल्या पायवाटा ठाऊक नाहीत. होळीच्या रात्री साळला गड्यांचा उत्सव बघायला हजारो लोक येतात, तेव्हाही हेच. किती माणसे धोक्यात, हा आकडा गावाच्या पंचांगाशी ताडून बघावा लागतो.

त्या प्रश्नानंतर मी मुलांना एक काम दिले होते. आपापल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीत, जुन्या माणसांना विचारायचे, पाणी कुठपर्यंत आले होते, आणि भिंतीवर, झाडावर, पायरीवर ती जागा दाखवून घ्यायची. मुलांनी सुंदर माहिती आणली. कुणाच्या आजीने गोठ्याची दावण दाखवली, कुणी देवळाच्या पायऱ्या मोजल्या. 1982 चे पाणी आजही लोकांच्या तोंडी आहे. पुढे 23 जुलै 2021 ला सत्तरी, डिचोली, पेडण्यात पूर आला तेव्हा मुख्यमंत्र्यांनीही तो 1982 नंतरचा सर्वांत मोठा असल्याचे सांगितले. या खुणा मला मोलाच्या वाटतात. संगणकाचा नकाशा खरा की खोटा हे पडताळायला त्याहून चांगले साधन नाही: 2019 चा पूर त्या गणितातून काढायचा आणि आजींच्या दावणीशी जुळतो का बघायचे.

पण त्याच खुणांमध्ये एक धोका दडलेला आहे आणि तो मला फार अस्वस्थ करतो. आमच्या शेजारच्या काकांचे ठाम म्हणणे आहे की पाणी तुळशीच्या वर येत नाही. त्यांच्या वडिलांनी पाहिले नाही, त्यांनी पाहिले नाही. उद्या खरोखर इशारा आला तर ते काय करतील? भांडी माळ्यावर टाकतील, गाय सोडतील आणि ओसरीवर बसून पाणी तुळशीपर्यंत येण्याची वाट पाहतील. आयुष्यभराचा खरा अनुभव त्यांना तिथेच बसवून ठेवील. पावसाचा पूर वाढत जातो, विचार करायला वेळ देतो. धरणफुटीचा पूर अंगावर येतो आणि त्याला तुळशीची मर्यादा नसते. सोबत झाडे, ओंडके, गाड्या, घरांची छपरे असतात. पुराच्या पाण्याची खोली मीटरमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन गुणाकार केला आणि तो 0.6 च्या पुढे गेला की धडधाकट माणसाचेही पाय ठरेनासे होतात, मुलांचे त्याआधीच. म्हणजे गुडघाभर पाणी, पण धावते. काकांना हे कुणी सांगितलेले नाही. त्यात भर म्हणजे धरण लहानसहान पूर स्वतः पोटात घेते, त्यामुळे नवीन पिढीला नदीची जेवढी भीती असायला हवी तेवढीही उरत नाही.

याविषयी वाचताना एक तक्ता हाती आला आणि माझे सगळे म्हणणे त्यात सापडले. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनसाठी वेन ग्रॅहम यांनी 1999 मध्ये जुन्या धरणफुटींचा अभ्यास करून तो बनवला. ज्या पुरात घरे मोडतात पण झाडे आणि काही बांधकामे आसऱ्याला उरतात, असा मध्यम पूर धरा. इशारा मिळालाच नाही तर पूरक्षेत्रातल्या शंभर माणसांमागे सुमारे पंधरा जातात. तासाहून अधिक आधी इशारा मिळाला, पण येणारे संकट किती मोठे आहे याची लोकांना मोघमच कल्पना आहे, तर तीन. तोच तास, तोच पूर, पण लोकांना नेमके ठाऊक आहे की काय येत आहे, तर एक. वेळेइतकाच समजुतीचा भाग त्यात मोजलेला आहे. भोंगा सगळ्यांसाठी सारखाच वाजतो. तो ऐकून कोण उठतो आणि कोण ओसरीवर बसतो, हे त्या दिवसाच्या पुष्कळ आधी ठरलेले असते.

म्हणूनच पूरनकाशा कपाटात ठेवणे मला चूक वाटते, कितीही चांगल्या हेतूने ठेवला असला तरी. लोक घाबरतील, जमिनीचे भाव पडतील, अफवा उठतील, ही कारणे मी ऐकली आहेत. भाव पडतील हे खरेही असेल. पण नदीकाठी घर बांधणाऱ्याला ही माहिती विटा रचण्याआधी मिळायला हवी. आणि घाबरण्याचे म्हणाल तर वर्गातली मुले आकडे पाहून घाबरली नाहीत. त्यांनी लगेच पुढचे विचारले: मग आमच्या वाड्यावर किती वाजेपर्यंत येईल? लाट सेकंदाला तीन मीटर चालली तर तासाला जवळजवळ अकरा किलोमीटर. प्रत्येकाने सुतळी घेऊन नकाशावर नदीची वळणे मोजली आणि आपला आपला वेळ काढला. तो वेळ ढोबळ होता, पण कुणाच्याही घरात त्याआधी तोही नव्हता.

कायदा आता लोकांच्या बाजूला आहे. धरण सुरक्षा कायदा 2021 सालचा, लागू झाला 30 डिसेंबर 2021 पासून. त्यात प्रत्येक मोठ्या धरणाच्या मालकाने आणीबाणीचा कृती आराखडा करायचा आहे, आणि खालच्या भागातली गावे, लोकसंख्या, बांधकामे आणि पूरनकाशे त्यात असायला हवेत. आधी बांधलेल्या धरणांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. ती 30 डिसेंबर 2026 ला संपते. तिळारीचा मालक महाराष्ट्र आणि बुडणारी कितीतरी गावे गोव्याची, त्यामुळे आराखडा मराठीत दोडामार्गला पोचला आणि पेडणे-डिचोलीच्या मामलेदारांपाशीच थांबला, असे व्हायला नको. इब्रामपूर, चांदेल, साळ, कोलवाळच्या पंचायतींनी ग्रामसभेत ठराव घेऊन आपापल्या वाड्यांचा नकाशा मागावा. त्यात तीन गोष्टी वाड्यागणिक हव्यात: पाणी किती वेळात येईल, किती उंच चढेल, आणि कुठे जायचे. रात्री दोन वाजता फोन कुणाचा कुणाला येईल, मोबाईलची रेंज नसलेल्या वाड्यावर कोण धावेल, देवळातली घंटा वाजवायची तर किल्ली कुणाकडे, हेही त्यातच लिहायचे.

कुठे जायचे, याचे उत्तर निसर्गाने आम्हाला देऊन ठेवले आहे. पेडण्यातल्या जवळपास प्रत्येक गावाच्या मागे सडा आहे. नदीपासून उठून घाटी चढले की जांभ्या दगडाचे मोकळे पठार लागते, आणि बहुतेक वाड्यांवरून तिथे पायी पोचायला फार वेळ लागत नाही. गाड्या काढून रस्त्याने पळण्यात अर्थ नाही, कारण रस्ते नदीच्या कडेकडेने जातात आणि पुलावर जाऊन मिळतात. पायी, आणि सरळ वर. गुरे चरायला नेण्याच्या, काजीच्या दिवसांत बागायतीत जाण्याच्या जुन्या वाटा याच दिशेने जातात. पण आता त्यांतल्या कित्येक वाटा कुंपणांनी अडल्या आहेत. सड्यावर प्लॉट पडले, खाली घरे झाली, मधल्या वाटेवर गेट आले आणि गेटाला कुलूप. मुलांनी काढलेल्या वाड्यांच्या नकाशांत या वाटा तुटक रेषांनी दाखवल्या आहेत आणि जिथे कुलूप आहे तिथे लाल फुली आहे. ते नकाशे आणि वाटा मोकळ्या करण्याचा अर्ज येत्या ग्रामसभेत आम्ही ठेवणार आहोत. ज्या घरांच्या मागे लाल फुली आहे त्या घरातल्या माणसांनी त्या दिवशी हजर राहावे.